पाहुणा मेंढा

बसा पाव्हणं, बसा. घोंगडं हाय की खाली. तुमची मेंढरं सावलीला टेकलीत, ऊन कलल्याबिगर ती काय उठायची न्हाईत, आन् ती उठल्याबिगर तुमीबी उठू नका. तोवर एक गोष्ट सांगतो. पाणी मिसळणार न्हाई तिच्यात. मीठ जरा जास्ती पडंल, तेवढं चालवून घ्या.

केंचेवस्तीच्या शिवाक्का बंडगरची गोष्ट हाय. जत तालुक्याच्या पार कडंला, जिथं निम्मी माणसं मराठीत शिव्या देत्यात आन् निम्मी कानडीत, तिथं ही वस्ती. शिवाक्काचा नवरा गेला तवा पोरगा मायाप्पा पाळण्यात व्हता. लोक म्हणली, बाईमाणूस, खांड इकून मोकळी हुईल. खांड म्हंजे आपला मेंढरांचा कळप. तिनं न्हाई इकलं. साठ मेंढरं व्हती, ती तीस वर्सांत एकशे त्र्याऐंशी केली. सगळी अस्सल माडग्याळी. पोपटावाणी वाकडं नाक, लांब पाय, पांढऱ्या अंगावर तांबडं चट्टं.

आन् त्यांच्यात दिवाण. त्यो मेंढा न्हवंच, लग्नात मांडवाच्या मधोमध बसलेला मामा. चालताना डावीउजवीकडं बघायचा न्हाई. एकदा एका व्यापाऱ्यानं नवीकोरी गाडी शिवाक्काच्या दारात आणून लावली. म्हणला, ही किल्ली घे आन् मेंढा दे. शिवाक्कानं गाडीला एक चक्कर मारली, चाकाला पाय लावून बघितला आन् म्हणली, "हिला कोकरं हुत्यात का?"

गाडी आली तशी गेली.

तर त्या सालात नवी बुळकांडी निघाली व्हती. जुनी बुळकांडी गाईगुरांची, ती आपल्या बापजाद्यांच्या काळातच जगातनं हाकलली. ही नवी शेळ्यामेंढ्यांची. कुठल्या देशात जन्मली ते शास्त्रज्ञांनाबी नीट सांगता येत न्हाई. पण आली कशी ते सगळ्यांना ठावं हाय. रोगाला स्वतःचं पाय नसत्यात, पाव्हणं. त्यो आपल्याच पायानं चालतोय. कुठं जहाजातनं शेळ्या उतरल्या, कुठं ट्रकातनं मेंढरं आली, कुठं नाका चुकवून कुणी आडवाटेनं कळप काढला. माणसाला नकाशावरची रेघ दिसती, रोगाला न्हाई.

आन् ह्या रोगाची खोड लई वाईट. आज मेंढराला लागला, तर ताप सहाव्या दिशी. मग तोंडात फोड, नाकाला शेंबूड, हागवण, दहातली सात आडवी. पण दुसऱ्यांना वाटायला सुरुवात दुसऱ्याच दिशी. मधलं चार दिस मेंढरू दिसायला ठणठणीत. चरतंय, टकरा घेतंय, आन् भेटंल त्याला रोग वाटत चाललंय.

ते चार दिस पकडायला सरकारनं गळपट्टी काढली.

पट्टी घेऊन केंचेवस्तीला आली ती डॉक्टर नसीम मुजावर. मिरजेकडची पोरगी, बारीक चणीची, पण अडीच मणाच्या मेंढ्याला गुडघ्यात दाबून सुई मारायची. तिनं शिवाक्काच्या हातावर पट्टी ठेवली. चवळीच्या दाण्याएवढं एक काळं बोंड व्हतं तिला.

"हे नाक आहे, अक्का," नसीम म्हणली.

"कुणाचं?"

"कुणाचं नाही, यंत्राचं. रोग आत शिरला की अंग लढायला लागतं. लढाई सुरू झाली की श्वासाचा वास बदलतो. थोडाच बदलतो. दूध नासायच्या आधी तुम्हाला कळतं ना, अजून फाटलं नाही पण वास वेगळा येतो? तसं. हे बोंड दर घटकेला श्वास हुंगतं. दुसऱ्या दिवशी ओळखतं. बरं असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल."

"मलाबी कळतंय की वासावरनं."

"तुम्हाला कळतं. पण तुम्ही एका वेळेला एकच मेंढरू हुंगता. आणि झोपता."

शिवाक्काला ते पटलं. तिला खरं बोलणारं माणूस आवडायचं.

पट्टीचं दुसरं काम त्याहून भारी. एका खांडाची पट्टी दुसऱ्या खांडाच्या पट्टीजवळ आली की दोघी एकमेकींची ओळख ध्यानात ठेवायच्या. पाणवठ्यावर कोण भेटलं, बाजारात कोण खेटून उभं व्हतं, सगळं. त्यावरनं सांगलीच्या हपिसात नकाशा उठायचा. कुणाचं खांड कुणाला भेटलं, ह्याचं जाळं. एका जागी लाल दिवा लागला की जाळ्यावर बोट ठेवायचं आन् सांगायचं, आता रोग हितनं हिकडं जाणार.

एका खांडाला पाच पट्ट्या. चार म्होरक्या माद्यांना आन् एक नर मेंढ्याला. मेंढ्याला का? तर त्यो दिसभर सगळ्यांच्या मागं हुंगत फिरतोय, खांडात जे काय असंल ते त्याच्या नाकात आधी.

दिवाणच्या गळ्यात आधीच एक चामड्याचा पट्टा व्हता, जुना, हातानं शिवलेला, त्याला पितळी घंटा. आणिक एक पट्टी अडकवली की दिवाण मान झाडून झाडून बेजार करायचा. मग नसीमबरोबरच्या माणसानं डोकं चालवलं. ती पट्टी त्यानं घंटेच्या पट्ट्यालाच दोन खिळं मारून पक्की केली. दिवाण गप झाला. चहा झाला, गाडी गेली. त्या टापूत घंटा असलेल्या सगळ्या मेंढ्यांना पट्ट्या अशाच बसल्या.

चूक तिथं झाली, पाव्हणं. आन् ती दिसली कुणालाच न्हाई. हपिसातल्या माणसांना आपल्या घंटेचं ठावं न्हवतं, आन् आपल्या माणसांना त्यांच्या जाळ्याचं.

आपल्यात मेंढा पाहुणा जातोय, ते तुमाला काय सांगायचं. एकाच रक्ताचं खांड पिढीमागं पिढी पडत जातंय. म्हणून पंधरा दिस आपला मेंढा लेकीच्या नायतर भणीच्या घरी धाडायचा, त्यांचा आपल्याकडं आणायचा. पण घंटा जात न्हाई. घंटा म्हंजे घरचं भाग्य, ते सोयऱ्याच्या दारात न्यायचं न्हाई. मेंढा मोकळ्या गळ्यानं जातो. घंटा मागं दुसऱ्या नराच्या गळ्यात, खांड मुकं पडू नये म्हणून. पाहुणा परत आला तरी लगीच घालायची न्हाई. ऐतवारी भंडारा उधळायचा, मग घंटा. आज्याच्या आज्यापासनं असंच चाललंय.

शिवाक्काची धाकटी भण निंगव्वा सीमेच्या पलीकडं, कर्नाटकात, होसवस्तीला दिलेली. तिच्याकडं दिवाण गेला पंधरा दिसांसाठी. नाक्यावरनं कागदं करून न्यायचं म्हंजे आठ दिस जाणार, म्हणून मायाप्पानं त्याला ओढ्याच्या वाटंनं नेला. घंटा, पट्टा आन् त्याला खिळलेली सरकारी पट्टी, सगळं घरच्या लहान्या नराच्या गळ्यात. सांगलीच्या नकाशावर दिवाण घरात बसलेला. हिरवा.

बेस्तरवारी दिवाण परत आला. शुक्कारी सकाळी नसीम वस्तीवर आली, सगळ्यांना शाळंम्होरं बोलावलं.

"सीमेपलीकडं लाल दिवे लागलेत," ती म्हणली. "आपल्याकडं नवी लस आलीय, पण चाळीस हजारच. ह्या टापूत मेंढरं चार लाख. म्हणून कडं घालायचं. लस टोचल्यावर अंगात जोर यायला दहा दिवस लागतात आणि रोग उठतो सहा दिवसांत. त्यामुळं ज्या खांडात तो शिरलाय त्याला लसीचा उपयोग नाही. ते अख्खं खांड मारावं लागतं. त्याच्या भोवतीनं लस टोचायची. गंजी पेटली की आपण भोवतीचं रान साफ करतो, तसं."

"आन् आमचं?" धुळाप्पा कारंड्यानं इचारलं. धुळाप्पा म्हंजे शिवाक्काचा शेजारी, मेंढरांत दोन नंबरचा आन् ते त्याला तीस वर्सं खुपत व्हतं.

नसीमनं हातातल्या पाटीवर जाळं दाखवलं. "तुमच्या बाजूला पलीकडचा एकसुद्धा धागा येत नाही. सगळे धागे बाजाराच्या रस्त्याला, पश्चिमेला. उद्या सकाळी सात वाजता लसीच्या गाड्या तिकडं निघतील. तुम्ही स्वच्छ आहात."

वस्तीचा जीव भांड्यात पडला. शिवाक्का दिवाणला हिरवा पाला घालायला घरी गेली.

दुपारी फोन वाजला. निंगव्वाचा.

"अक्का," निंगव्वा म्हणली.

"काय गं?"

"माझं खांड गेलं. सकाळी आली माणसं. मशिनीनं खड्डा काढला. एक बी न्हाई ठेवलं, अक्का. दावणीचं कोकरूबी न्हाई."

निंगव्वाचं खांड शिवाक्कानंच उभं केलेलं. लग्नात सात मेंढ्या दिल्या व्हत्या, त्यांची नव्वद झालेली.

"कवा लाल झालं?"

"काल. दिवाण गेला आन् सांजच्याला." मग निंगव्वाचा आवाज बारीक झाला. "अक्का, त्यांनी लई इचारलं. बाहेरचं जनावर आलतं का, कुणाचा मेंढा आलता का. मी न्हाई म्हणलं. दिवाणचं नाव काढलं न्हाई. माझं गेलं ते गेलं. तुझं तरी ऱ्हाऊ दे. एवढंच माझ्या हातात व्हतं."

फोन बंद झाला. शिवाक्का उठून दिवाणपाशी गेली. त्यो पाला खाईत व्हता. तिनं त्याचं तोंड धरलं, दोन्ही नाकपुड्या आपल्या नाकाजवळ आणल्या आन् हुंगलं. पाल्याचा वास आला. दुसरं काय आलं न्हाई. तरी तिनं परत हुंगलं, मग परत. भाकरी करपल्यागत काय तरी व्हतं का न्हवतं, तिलाच कळंना.

मायाप्पा आला. तिनं त्याला सगळं सांगितलं.

मायाप्पा आता चांगला तीस वर्सांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. त्यानं इचार केला. "आये, मावशीनं तोंड दाबून धरलंय ते आपल्यासाठी. परवा ऐतवार हाय. भंडारा उधळू, घंटा घालू. त्या घंटेलाच पट्टी हाय. काय असंल ते पट्टीच सांगंल की सरकारला. आपुण काय लपवलं असं व्हत न्हाई."

"ऐतवारपर्यंत गाड्या पश्चिमेला रिकाम्या झाल्या असत्याल."

"मग हुदे. आन् नसलाच त्याला रोग तर? तू आत्ताच जाऊन बोललीस आन् त्यांनी नुसत्या संशयावर एकशे त्र्याऐंशी मेंढरं मारली तर?"

पोराचं बोलणं येड्याचं न्हवतं. शिवाक्कालाबी तेच पायजे व्हतं मनातनं, उगंच का खोटं बोलू.

"तर मग आत्ताच घालतो पट्टा," मायाप्पा म्हणला. "ऐतवार गेला खड्ड्यात. हिरवा लागला तर सुटलो."

"आन् लाल लागला तर?"

"तर पट्टीच सांगंल. तुला तोंडानं सांगायला नको. मावशी खोटी पडायला नको."

शिवाक्कानं मान हलवली. "पट्टी आपल्या दिवाणचं सांगंल, मायाप्पा. ह्या महिन्यात पाहुणा फक्त दिवाणच गेलता व्हय रं? धुळाप्पाचा गेला. वरच्या वस्तीतलं चार गेलं. खालच्या अंगाला किती गेलं असत्याल कुणी मोजलं? सगळ्यांच्या पट्ट्या घरी. ती पोरगी जे जाळं घेऊन फिरती ना, ते घरी बसलेल्या घंटांचं जाळं हाय. ते कोण सांगणार तिला? पट्टी?"

मायाप्पानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "तू गेलीस तर आपलं खांड गेलं, आये."

"व्हय."

"तुला ठावं हाय आन् तरी जाणार."

"ठावं नसतं तर कुणीबी गेलं असतं," शिवाक्का म्हणली, आन् पायात चपला घालून निघाली.

नसीम शाळंत लसीच्या पेट्या मोजत व्हती. शिवाक्का दारात उभी ऱ्हायली, आत ये म्हणलं तरी आली न्हाई. माझ्या पायाला काय असंल तर पेट्यांना नको, म्हणली. आन् तिथनंच सगळं सांगितलं. ओढ्याची वाट, निंगव्वा, घंटा, लहाना नर. एक शबूद गाळला न्हाई.

नसीम आधी समजलीच न्हाई. "म्हणजे पट्टी काढून ठेवता?"

"पट्टी न्हाई वो. घंटा काढतो. तुमची पट्टी तिला खिळलीया."

मग समजली. बाकावर बसली. "किती मेंढे?"

"ते मला कसं ठावं? पण ह्या महिन्यात ज्यानं त्यानं धाडला असणार."

"आम्ही कुणी विचारलंच नाही," नसीम म्हणली. "घंटा का बांधता, कधी काढता, काहीच नाही. आमच्याच माणसानं खिळे मारले आणि मी शाबासकी दिली त्याला."

"बाई, रडायचं मागनं. आधी माझ्या मेंढ्याचं बघा."

मायाप्पानं पट्टा आणला. ऐतवार न्हवता, भंडारा न्हवता. शिवाक्कानं आपल्या हातानं दिवाणच्या गळ्यात घातला. पट्टीला श्वास वळखायला चहा पिण्याएवढा येळ लागतो. वस्तीतली माणसं कुंपणाच्या पलीकडनं बघत व्हती. दिवाणनं दोनदा मान हलवली, घंटा वाजली, आन् दिवा लाल झाला.

धुळाप्पा कुंपणाबाहेरनं वरडला, "शिवाक्का, तुझं चाललंय म्हणून आमचंबी बुडवतीस व्हय? तुला कुणी सांगितली व्हती पंचायत?"

शिवाक्का वळली. "धुळाप्पा, तुझा मेंढा कुठं गेलता ते तू सांगतोस का तुझ्या बायकूला इचारू?"

"माझा कुठं न्हाई गेला."

गर्दीतनं त्याची बायकू यमाक्का बोलली, "माझ्या भावाकडं गेलता. दशमीला. काल आला." मग नवऱ्याकडं बघून म्हणली, "डोळं काय वटारता? भाऊ माझा हाय. मला ठावं नसणार तर कुणाला?"

माणसं हसली, इतक्या वंगाळ घडीलाबी हसली. आन् ते हसणं झाल्यावर शिवाक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मेंढा नेऊन सोडतो गडी. पण जातो कुठं? बाईच्या माहेरी नायतर बाईच्या सासरी. भणीकडं, लेकीकडं, नणंदंकडं. कुठल्या दिशी गेला, कवा आला, तिकडं काय खाल्लं, कुणाच्या दावणीला बांधला, सगळं बायकांना पाठ. गडी इसरत्याल नायतर दाबून ठेवत्याल. बाई इसरत न्हाई, कारण त्या निमतानं तिचा माहेरचा फोन झालेला असतोय.

"बाई," शिवाक्का नसीमला म्हणली, "तुमचं यंत्र पश्चिमेला तोंड करून बसलंय. ते जरा बाजूला ठेवा आन् कागूद घ्या. आमच्या बायका बोलावते."

दिवेलागणीच्या आत शाळंच्या अंगणात तीसचाळीस बायका. एकेकीनं आपल्या भणींना, नणंदांना फोन लावलं. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. "ए, तुमचा मेंढा कुठाय? आन् तुझ्या जावंचा?" नसीम एकेक नाव पाटीवर चढवीत गेली आन् जाळ्यात नवं धागं फुटत गेलं. सगळं उगवतीला, ओढ्याच्या वाटंनं. बाजाराच्या रस्त्याकडं दोनच.

पण एक धागा अडकला. सगळं पलीकडं जाऊन होसवस्तीपाशी थांबत व्हतं. पंधरा दिस दिवाण तिथं व्हता, तवा निंगव्वाकडं दुसरं कुणाकुणाचं मेंढं आलं, ते निंगव्वालाच ठावं. आन् ती सरकारी माणसांना न्हाई म्हणून बसलेली.

शिवाक्कानं फोन लावला. सगळ्यांम्होरं.

"निंगव्वा, मी सांगितलं."

पलीकडनं उत्तर यायच्या आत शिवाक्का म्होरं बोलली.

"दिवाण लाल झाला. माझं खांड जाणार हाय. मी आपणहून सांगितलं."

"मी तुला एकच गोष्ट दिली व्हती, अक्का," निंगव्वा म्हणली. आवाज दगडासारखा. "आयुष्यात तूच देत आलीस. मेंढ्या तू दिल्यास, मेंढा तू दिलास. एकदाच मी दिलं, आन् ते तू उकिरड्यावर टाकलंस."

शिवाक्कानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"तुझं देणं ठेवून घेतलं असतं," ती म्हणली, "तर उद्या चार लाख मेंढरांच्या धन्यांनी आपल्या दोघींच्या नावानं खडं फोडलं असतं. मला ते जड न्हाई गं. पण तुझ्या नावाला मी तसं हुं देणार न्हाई. भण हाईस माझी."

पलीकडनं नाक वढल्याचा आवाज आला.

"हाय का ती डाक्टरीण तिथं? घी म्हणावं लिहून. दिवाण असताना तीन मेंढं आलते. पहिला बोरव्वाच्या दिराचा."

त्या रात्री गाड्यांची तोंडं फिरली. एकसष्ट मेंढं सापडलं सीमा वलांडून आलेलं-गेलेलं. धुळाप्पाच्या मेंढ्याचा दिवा हिरवाच ऱ्हायला. सकाळी सातला लस उगवतीला निघाली, आन् नसीमनं निंगव्वाची यादी पलीकडच्या डॉक्टरांना धाडली, त्यांच्याबी गाड्या निघाल्या. दोन सरकारांना जे पत्रं लिहून दोन वर्सांत जमलं न्हवतं ते बायकांनी सांजच्या भाकऱ्या थापायच्या आत जमवलं.

शिवाक्काचं खांड ऐतवारी गेलं. तिनं नसीमला सांगितलं, गोंधळ नको, एकेक करून, आन् माझ्या हातातनं. सकाळपासनं ती उभी. दर मेंढीचं तोंड धरायची, तिच्या आयचं नाव घ्यायची, मग सुई. नसीमची सुई एकदा चुकली तवा शिवाक्का म्हणली, "बाई, नीट टोच. तिला कळायला नको." सगळ्यांत शेवटी दिवाण. ऐतवार व्हता, तर तिनं मूठभर भंडारा त्याच्या पाठीवर उधळला. त्यो नेहमीगत समोर बघत उभा ऱ्हायला. कुंपणाशी धुळाप्पा पागोटं हातात घेऊन उभा व्हता, आन् त्याच्या शेजारी रातभर चालत आलेली निंगव्वा.

सहा दिस झालं, बारा झालं, महिना झाला. कड्याच्या बाहेर एक मेंढरू लाल झालं न्हाई, पाव्हणं. चार लाखातली जी गेली ती सातशेच्या आत. आज दोन्ही राज्यांत पट्टी घंटेला खिळत न्हाईत, कानाला लावत्यात. आन् सांगलीच्या हपिसात यंत्राच्या जाळ्याशेजारी दुसरं जाळं हाय, दर महिन्याला बायकांना फोन करून भरत्यात. बाहेरच्या देशातली माणसं ते बघायला येत्यात. नसीम त्यांना आधी केंचेवस्तीला आणती, मग हपिसात. त्या माणसांनी शिवाक्काला इचारलं, तुमाला काय वाटतंय? ती म्हणली, "काय वाटायचं? सांगायचं व्हतं, सांगितलं." पण त्या दिशी लुगडं नवं नेसलेली व्हती, ते मी बघितलंय.

वरीस झालं आता. सरकारी पावडर, चुना, जागा रिकामी ठेवायची मुदत, सगळं सरलं. वाघर, म्हंजे ती कळपाभवतीची जाळी, तिनं धुवून, शिवून दारात ठेवलीया, आन् आत एक मेंढरू न्हाई. बाजारातनं आणता आलं असतं. पण आपल्यात पडलेलं खांड परत उभं करायचं तर पहिली मेंढरं इकत घ्यायची न्हाईत, ती मानानं, भेट म्हणून यावी लागत्यात, हे तुमाला मी सांगायला नको. आन् शिवाक्का तोंडानं मागायची न्हाई. जीव गेला तरी न्हाई. म्हणून तिच्यासाठी मी फिरतोय माळामाळानं. धुळाप्पानं दिली एक, यमाक्कानं वरचढ दिली. त्या अजून त्यांच्याच दावणीला हायत, सगळ्या एकदम नेऊन सोडणार. निंगव्वाचं खांडबी असंच उभं ऱ्हायलंय.

तुमचं खांड उगवतीच्या अंगाचं, त्या कड्यात लस टोचून वाचलेलं. मघापासनं बघतोय मी. ती बाभळीखाली बसलीया ना, वाकड्या नाकाची, तांबड्या कानाची पाठ, तरणी मेंढी? लंगडी-बिंगडी न्हाई, दुसरी कुठली मरतुकडी न्हाई. तीच द्या, पाव्हणं.